कॅप्टन आजोबा

चवथ जवळ आली की गोव्यात भिंतींना रंग लागतो. रंग लावायचा म्हणून फोटो उतरतात, आणि उतरलेले फोटो माझ्या सोप्यावर येतात. कधी काळी एका गणवेशातल्या माणसाच्या टोपीवरचे बिगूल पाहून मी ‘लाइट इन्फंट्री दिसते’ एवढेच म्हणालो होतो. तेव्हापासून डिचोली ते पेडणे सगळ्यांच्या पूर्वजांची पलटण मला ठाऊक असते अशी समजूत आहे.

खरे तर पलटण कोणाला नकोच असते. माणूस फोटोबरोबर उत्तरही घेऊन येतो. ‘‘मास्तर, हे आमचे आजोबा. कॅप्टन होते.’’ पहिल्या महायुद्धातला प्रत्येक जण कॅप्टन! १९१८पर्यंत सँडहर्स्टची, म्हणजे इंग्लंडमधल्या फौजी अधिकारी घडवणाऱ्या शाळेची, दारे हिंदी माणसाला बंद होती. फौजी डॉक्टर आणि मोजके संस्थानिक सोडले तर आपल्या शिपायासाठी सुभेदार मेजर ही शेवटची पायरी. हे सांगितले की समोरचा चहाचा कप खाली ठेवतो. माझ्याच घरचा चहा.

हुद्दा उतरला की नाते लांबते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. कॅप्टन आहेत तोवर सख्खे आजोबा. बाहीवर तीन पट्टे, म्हणजे हवालदार, असे म्हटले की आजोबांचे धाकटे भाऊ. दोन पट्ट्यांचा नाईक चुलत घराण्यात जातो. एका पट्ट्याचा लान्स नाईक बहुधा भाडेकरू निघतो.

बरे, ओळखायचे तरी कशावरून? खांद्यावरचा पितळी आकडा दिसला तर निम्मे काम होते. १९०३ साली मुंबईच्या पलटणींच्या जुन्या क्रमांकांत शंभर मिळवले गेले, म्हणून तिसरीची झाली १०३. पुढे १९२२मध्ये पुन्हा फेरमांडणी होऊन १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पाच बटालियन बनल्या. खांद्यावर ११७ दिसले, की गणवेश साधारण या दोन सालांमधला. पण आमच्या पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो, कसर नेमका खांदाच खाते, आणि राहिलेल्या भागावर सुनांनी वर्षानुवर्षे लावलेले गंध असते. छातीवरची पदके चंदनी हाराखाली. हार काढा म्हटले तर म्हातारी अशी बघते, जणू मी आजोबांचा डगलाच काढायला सांगितला.

रंगावर भांडणे होतात ती वेगळीच. त्या काळच्या कॅमेऱ्यातल्या साध्या काचेच्या प्लेटला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे लाल डगला फोटोत काळा येई आणि निळी फीत फिकी. त्यात एखाद्या हौशी रंगाऱ्याने नंतर हाताने रंग भरून डगला मोरपिशी केलेला, गाल गुलाबी, आणि टोपीवरचा बिल्ला सोनेरी ठिपक्याखाली गडप. त्याला कोणी कोर्टमार्शल केले नाही.

म्हणून मी पदक मागतो. ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. सगळ्या वादाचा निकाल तिथे. पण ते पदक चांदीचे. ‘‘होते हो मास्तर,’’ असे सांगतात, ‘‘आत्याच्या लग्नात पैंजणांत घातले.’’ एक आख्खी पलटण अशी आत्याच्या पायांत वाजत गेली.

पोर्तुगीज धर्तीची टोपी दिसली की मग कॅप्टन नको, बंडखोर हवा. १८९५च्या सप्टेंबरात गोव्यातल्या मराठा शिपायांनी मोझांबिकला जायला नकार देऊन बंड केले आणि सत्तरी तालुक्यातले दादा राणे त्यांच्यात सामील झाले, ही गोष्ट खरी. पण रानात शिरलेला शिपाई रंगवलेल्या कमानीपुढे, कुंडीवर कोपर टेकून, मिशीला तेल लावून उभा राहिला असेल हे मला पटत नाही. तसे म्हटले की, ‘‘मास्तरांना इतिहासाचा अभिमान नाही.’’

यंदा शेजारच्या काकी आल्या. सासऱ्यांचे वडील, अर्थात कॅप्टन. मी भिंग लावले. दंडावर एकही पट्टा नाही, मात्र वीणेसारखे चिन्ह.

‘‘काकी, हे बँडात होते.’’

‘‘लग्नाच्या?’’

‘‘पलटणीच्या. हे वादकाचे चिन्ह.’’

काकींनी फोटो जरा दूर धरला. ‘‘मग हे आमच्याकडचे नसतील. सासूबाईंच्या माहेरचे कोणीतरी.’’

मी चौकट उलटी केली. मागच्या पुठ्ठ्यावर बेळगावच्या स्टुडिओचा पुसट शिक्का, आणि खाली पेन्सिलीने ‘तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार’. सहीत नाव आणि काकींच्या सासरचे आडनाव, ढळढळीत.

काकींनी ते दोनदा वाचले. चष्मा पुसला. भिंग माझ्या हातातून घेऊन वीणा स्वतः पाहिली. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘मास्तर, बँडमास्तर म्हटले तर चालेल ना?’’