"सर, तुमचं मराठी किती छान आहे हो!"

हे वाक्य मी बावीस वर्षांत किती वेळा ऐकलं ते मोजायला गणिताच्या सरांना बसवावं लागेल. फेब्रुवारी २०२४ ला आमच्या अमळनेरात ९७ वं साहित्य संमेलन झालं (विद्रोहीवाल्यांचं पण त्याच दिवसांत, गावात चहाच्या टपऱ्या कमी पडल्या) तेव्हा एका पाहुण्याने नाव विचारलं, ऐकलं, आणि लगेच तेच. म्हटलं काका, आजा याच तालुक्यात घरोघरी पिंजण घेऊन कापूस पिंजत फिरला, घरी आम्ही निम्मी अहिराणी बोलतो, पोट मराठी शिकवून भरतो, आता छान नको तर काय. तर म्हणे वा, विनोदी पण आहात!

आता साने गुरुजींच्या गावचा मास्तर म्हटल्यावर लोकांना डोळ्यात पाणी पाहिजे असतं, माझ्याकडे नुसत्या खोड्या. परवा नववीला सांगत होतो, अर्ज, वकील, हजर हे शब्द अरबीतून आले, कागद, शाई फारसीतून, तर मागच्या बाकावरून आवाज, "सर, मंग हजेरी बी तुमनीच शे का?" सगळा वर्ग चिडीचूप, माझ्या तोंडाकडे बघतोय. म्हटलं आपलीच रे, म्हणून तर तू रोज लावतोस. मग हसले. त्या पोराला मी शिक्षा केली नाही, निबंध लिहायला लावला, हेडसरांवर. भारी लिहिला, हेडसरांना दाखवला नाही.

लिहिण्याचं दुखणं वेगळंच. कापसाच्या भावावर लेख पाठवला तर संपादक म्हणतात "तुमच्या समाजावर काही?" म्हणजे ईद, शीरखुर्मा आणि जमलं तर बुरखा. अरे बाबा, स्टाफरूम माझा समाज नाही का, सोसायटीचं कर्ज थकलेला शेजारी नाही का? आणि मोहल्ल्यातल्या वलीम्याच्या (लग्नानंतरच्या जेवणाच्या) बिर्याणीवर लिहिलं की कोणीतरी शेअर करून वर टाकतो, "बघा, हे स्वतःच सांगतात!" तेव्हा मात्र बोटं थांबतात हो, खोटं कशाला बोलू. म्हणून मी आता टिंगलीची पहिली पंगत माझ्यापासूनच वाढतो, देगीपाशी प्लेट घेऊन ढकलाढकली करणारा पहिला माणूस मीच.

तरी त्या बिर्याणीच्या लेखावरून एका चाचांनी चौकात पकडलंच. "घर की बात बाहर क्यूं डालता रे?" मी मान खाली घालून ऐकत राहिलो. जाता जाता परत फिरले, आवाज बारीक करून म्हणाले, "और वो दुल्हे का फूफा कैसा छोड़ दिया तूने? तीन बार बैठा था वो."

टाकतो पुढच्या लेखात.