कोंबडी-वड्याचा पखवाज

माझ्या पखवाजाच्या डाव्या पुडीवर, म्हणजे तोंडावरच्या चामड्यावर, काळ्या चिकटपट्टीचा डिंक आज पाचव्या दिवशीही तसाच आहे. खोबरेल लावून झालं. राकेल लाव, असं एकाने सुचवलं (याच माणसाने मागे पेटीची पट्टी अडकली तेव्हाही राकेलच सुचवलं होतं). चिंधी फिरवावी तर तिचेच धागे डिंकाला चिकटतात आणि पखवाजाला दाढी फुटल्यासारखी दिसते.

पुतण्याचा मुंबईत फ्युजन बँड आहे. दोन गिटार, एक ड्रमसेट आणि अभंग. मालवणात चिवल्याच्या किनाऱ्यावर त्यांचा कार्यक्रम ठरला आणि मला फोन आला, "काका, आपल्या मातीतला साऊंड पायजे." कुडाळाहून मी स्कूटरवर पायांत पखवाज धरून गेलो. कणीक लावली, आणि साऊंड चेकला वेळ होता म्हणून चहा प्यायला गेलो. चुकलं ते इथेच.

पखवाजाच्या उजव्या तोंडाला शाई, म्हणजे मधला काळा लेप, कायमची असते. डाव्याला दर खेपेला ताजी कणीक थापायची. तिच्या वजनाने चामडं सावकाश थरथरतं, म्हणून आवाज खाली उतरतो, भरदार होतो. वाजवून झालं की खरवडून काढायची. कणकेशिवाय पखवाज म्हणजे रॉकेलचा रिकामा डबा.

परत आलो तर पुडी लख्ख. शेजारी साऊंडवाला पोरगा, गळ्यात हेडफोन, कमरेला चिकटपट्टीची रिळं, आणि चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान.

"काका, तुमच्या ड्रमला पीठ लागलेलं. क्लीन केलं मी."

"लागलेलं नव्हतं रे. लावलेलं होतं."

"हो ना, तेच. वेट वाइप्सने काढलं. तीन लागले."

"अरे बाळा, ती कणीक होती!"

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "टेन्शन घेऊ नका काका. मी कोणाला बोलणार नाय."

म्हणजे याच्या मते मी पखवाजावर पोळ्या लाटतो आणि ते जगापासून लपवतो. मी काही न बोलता डाव्या हाताची थाप मारली. टण्ण!

"आयला, बास कुठे गेला?"

"तू पुसलास."

"नाय नाय, तो इक्यूवर येतो." त्याने बटणं पिळली. बास आला नाही, समुद्राची गाज मात्र मोठी झाली. मग तो म्हणाला, "रिंग होतंय," आणि मी हात धरायच्या आत रिळातून दोन तुकडे फाडून पुडीवर दाबून बसवले. ड्रमवाले असंच करतात म्हणे. "चामड्यावर वजन आलं ना काका, की आवाज दबतो. फिजिक्स आहे."

माझी कणीक पुसून पोराने दहा मिनिटांत कणकेचाच शोध लावला होता, तोही डिंकासकट.

फ्युजनचं मला वावडं नाही, हे इथेच लिहून ठेवतो, नाहीतर पुतण्या म्हणेल काका जळतो. आमच्या भजनातली पेटी तरी कुठली? जन्माची फ्रान्सची, मांडी घालून बसायला शिकली ती कलकत्त्यात. आकाशवाणीने १९४० साली तिला दाराबाहेर काढलं आणि १९७१पर्यंत आत घेतलं नाही. म्हणून आमच्या एका तरी बुवाने पेटी खाली ठेवली? डबलबारीचा, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याचा, गजर तिच्यावाचून रंगतच नाही. 'शक्ती' या फ्युजन बँडमध्ये मॅकलॉफ्लिनची गिटार आणि विक्कू विनायकराम यांचा मातीचा घटम एका बैठकीत बसले. त्या घटमावर कुणी वेट वाइप फिरवला असेल असं वाटत नाही. दिल्लीच्या 'इंडियन ओशन' बँडमध्ये असीम चक्रवर्ती तबलाही वाजवायचे आणि गायचेही. मला मात्र ड्रमसेटच्या मागे बसवलं होतं. पुढून माझं टक्कल तेवढं दिसत असावं, तेही झांज म्हणून खपलं असेल.

हाताशी वीस मिनिटं. चिकटपट्ट्या ओरबाडून काढल्या आणि स्टॉलांकडे धावलो. पहिल्या स्टॉलवर घावन्याचं पीठ होतं, ते ओतायचं, थापायचं नव्हे. दुसरा कोंबडी-वड्यांचा.

"किती वडे व्हये?"

"वडे नको. नुसता पीठ व्हया."

"पिठाचा काय करतल्यात?"

"वाजवतलंय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग समुद्राकडे, आणि एका प्लेटीचे पैसे घेऊन गोळा हातात ठेवला. वड्याच्या पिठात धणे, मेथी, बडीशेप. थाप मारली की फोडणीचा वास. पण आवाज? आवाज बसला, देवाशपथ. पाचही अभंग त्यावर काढले.

शेवटी निवेदिकेने सगळ्यांची नावं घेतली. गिटारवाल्याच्या नावावर शिट्ट्या, ड्रमवाल्याला दोन मिनिटांचा सोलो, जनरेटरवाल्याचेही आभार. माझ्या वेळी, "आणि साथीला आपलं लोकवाद्य!" लोकवाद्य वाजवणाऱ्याला आईबापांनी नाव ठेवलेलं नसतं बहुतेक, तो भातासारखा उगवतो. एकतीस वर्षं झाली मला भजनात. मानधन म्हणून बँडचं नाव छापलेला टी-शर्ट मिळाला, तो पोटावर येऊन थांबतो. पुतण्या म्हणाला, "काका, घरच्यांना कसले पैसे द्यायचे?" साऊंडवाल्याला दिले. वेट वाइप्सचेही धरले असतील त्याने.

सोमवारी देवळात पखवाज मांडीवर घेतला आणि बुवांनी पेटीचा भाता थांबवून नाक वर केलं. "काय रे, पखवाज कोंबडी खाऊन इलो काय?"

पीठ शाकाहारी होतं हे मी भजन संपेपर्यंत तिघांना समजावलं. बायकोला अजून पटलेलं नाही. तिने मळून दिलेल्या कणकेचं काय झालं, हे तर तिला सांगितलेलंच नाही.

काल त्या पोराचा फोन आला. "काका, रेकॉर्डिंग ऐकलं. काय बास आलाय तुमचा! ती इक्यू सेटिंग मी सेव्ह करून ठेवलीय. पुढच्या शोला पण या. फक्त ड्रम घरून पुसून आणा."