धनुष्य अर्ध्या तासात होत नाही

सध्या साताऱ्यातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'ओला बांबू तोडा, वाकवा, दोरी बांधा, अर्ध्या तासात धनुष्य तयार. जितकं जाड तितकं दमदार. त्यात शिकण्यासारखं काही नाही, आणि फायबरच्या जमान्यात उपयोगही नाही.' मी मुलांना हातानं धनुष्य करायला शिकवतो, त्यामुळे गप्प बसवत नाही.

ओला बांबू वाकतो खरा, पण वाकलेलाच राहतो. दोरी उतरवली तरी सरळ होत नाही आणि बाण अंगणातच गळतो. बांबू किमान तीन वर्षांचा जून हवा, पावसाळा सरल्यावर तोडलेला, चिरून सावलीत महिनोन्‌महिने वाळवलेला.

'जितकं जाड तितकं दमदार' याची मला खरी भीती वाटते. दोरी ओढली की धनुष्याची पाठ, म्हणजे नेम धरणाऱ्यापासून लांबची बाजू, ताणली जाते आणि पोट, म्हणजे आपल्याकडची बाजू, दाबलं जातं. जाडी वाढली की तेवढ्याच वाकण्यात पाठीवर ताण जास्त येतो. शिवाय ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो: १० मिलिमीटरचे ११ केले की थेट एक तृतीयांशानं जास्त. रुंदी दहा टक्के वाढवली तर ताठपणाही दहाच टक्के वाढतो. म्हणून जोर हवा असेल तर आधी रुंदी बघायची.

एक मुलगा हा मेसेज वाचून केलेलं जाडजूड धनुष्य घेऊन आला होता. पाठीवरच्या गाठी कोयत्यानं सपाट केलेल्या. बांबूचे सगळ्यात चिवट धागे सालीलगत असतात, ते नेमके तिथंच तुटलेले. मी 'थांब' म्हणेपर्यंत त्यानं दोरी ओढली. गाठीवर ते मोडलं आणि कपची भुवईत घुसली. डोळा थोडक्यात वाचला.

आणि शिकण्यासारखं काही नाही? मध्यंतरी एका रविवारी नववीतली एक मुलगी दोरी अर्धवट ओढून आरशासमोर उभी होती. "सर, वरचा बाहू मुठीपासून वीतभर वर वाकतच नाही." बाहू म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा धनुष्याचा वाकणारा भाग. तिथं पोटाच्या बाजूनं पेन्सिलीची खूण, कानशीचे पाच हात, मग वीस वेळा हलकी ओढ, पुन्हा आरसा. दोन्ही बाहू सारखे वाकेपर्यंत हेच, आणि तोवर दोरी पूर्ण ओढायची नाही. कुठं थांबायचं हे तिच्या डोळ्यांना कळायला तीन रविवार लागले.

राहिलं फायबर. आपल्या अदिती स्वामीनं २०२३ साली बर्लिनला जागतिक विजेतेपद मिळवलं ते कंपाउंडवर, म्हणजे टोकांना चाकं बसवलेल्या आधुनिक धनुष्यावर, आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण तसलं धनुष्य लाखाच्या घरात जातं. राष्ट्रीय स्पर्धेत बांबूच्या धनुष्यासाठी 'इंडियन राउंड' हा वेगळा प्रकार आहे, आणि खेड्यातलं पोर त्यात आज उतरू शकतं.

मेसेज वाचून कुणी धनुष्य करून दिलं असेल, तर आधी पाठीवरून बोट फिरवा. गाठी तासलेल्या लागल्या तर ते आजच पोराच्या हातातून काढून घ्या.