बैलाच्या अंगातलं ‘विष’ आणि मूठभर सोडा

ऊसतोडीला गाड्या निघाल्या की बीड-धारूर-केजकडच्या गाडीवानांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरायला लागतो. ओझं ओढून बैलाच्या अंगात लॅक्टिक ॲसिड नावाचं विष साठतं, ते दोन-तीन दिवस उतरत नाही, त्यानंच बैल आखडतो. रोज संध्याकाळी मूठभर खायचा सोडा पाजा.

आधी विषाचं बघू. फडातून भरली गाडी बाहेर काढताना बैलाच्या स्नायूंना एकदम जोर लागतो. मग साखर घाईघाईनं फुटते आणि लॅक्टेट तयार होतं; मेसेजमधलं लॅक्टिक ॲसिड शरीरात याच रूपात असतं. ते रक्तात उतरतं, तिथून हृदय ते इंधन म्हणून जाळतं आणि यकृत त्याची पुन्हा साखर करतं. हे चक्र उलगडणाऱ्या कार्ल आणि गर्टी कोरी या जोडप्याला 1947 साली नोबेल मिळालं. विषाचा असा पुनर्वापर कुठलं शरीर करतं?

दोन-तीन दिवसांचं म्हणाल, तर जू उतरवून बैल सावलीला बांधला की तास-दोन तासांत बहुतेक लॅक्टेट संपतं. दुसऱ्या दिवशीचं आखडणं स्नायूंच्या धाग्यांना पडलेल्या बारीक चिरांचं आणि त्यावरच्या सुजेचं असतं. खांदेसूज आणि खूर तर कुणी बघतच नाही.

शिवाय लॅक्टेट वाढायला ओझंच लागतं असंही नाही. पहिल्यांदा ट्रकमध्ये चढवलेलं बुजरं वासरू जागच्या जागी उभं असतं, तरी भीतीनं ॲड्रेनालिन हे संप्रेरक सुटतं, स्नायूंतली साठवलेली साखर फुटते आणि रक्तातलं लॅक्टेट चढतं. पळायची वेळ आली तर शरीराची ती तयारी असते. उस्मानाबादी बोकडाचं तर उलटंच होतं. उपाशीपोटी लांबून बाजारात आणलेल्या, धास्तावलेल्या बोकडाची ही साखर आधीच संपते. मग कापल्यावर मटणात पुरेसं लॅक्टिक ॲसिड तयारच होत नाही. पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या आसपास उतरायचा तो सहाच्या वर अडकतो, मटण काळपट दिसतं आणि लवकर खराब होतं. म्हणजे ताण जास्त, ॲसिड कमी! मेसेजवाल्यानं याचं उत्तर द्यावं.

आता सोडा. हा घोळ बहुतेक पोटावरून झालाय. बैल ज्वारीच्या राशीत घुसला किंवा लग्नातलं उरलेलं अन्न त्याच्यापुढे ओतलं, की पोटातले जंतू भराभर लॅक्टिक ॲसिड करतात. तिथे ते खरंच जिवावर बेतू शकतं आणि डॉक्टर सोडा देतात तो त्यासाठी. स्नायूंशी त्याचा संबंध नाही. वाढं-कडबा खाऊन निवांत रवंथ करणारा बैल दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ गिळतो आणि त्या लाळेत सोडाच असतो. तुमच्या मुठीनं त्यात काय भर पडणार?

धोका मात्र पाजण्यात आहे. वेसण ओढून मान वर केली, जीभ बाहेर खेचली आणि बाटली उपडी केली, की बैलाला नीट गिळता येत नाही. पाणी श्वासनळीत जातं. ठसका लागला तर मान लगेच सोडा. पुढे ताप आणि धाप सुरू झाली तर फुप्फुसाचं दुखणं समजा.

दमलेल्या बैलाला सावली, भरपूर पाणी, थोडं मीठ आणि खांद्याला आराम द्या. धान्य जास्त खाल्लं असेल, डावी भकाळी फुगली असेल, रवंथ बंद असेल, तर उरलेलं धान्य पुढून काढा आणि पशुवैद्यकाला लगेच फोन लावा.