खुलासा: घबराटीची प्रत्येक गोळी झोपेची नसते

सोलापुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘मानसोपचारवाले घबराटीवर नुसत्या झोपेच्या गोळ्या देतात, त्या जन्मभर सुटत नाहीत.’ परवा नवी पेठेत मेडिकलच्या काउंटरवर एक मावशी चिठ्ठी पुढे करून म्हणाल्या, “ह्यातली झोपेची तेवढी काढून टाका.” चिठ्ठीत झोपेची गोळी नव्हतीच!

मेसेज अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घातक. अल्प्राझोलामसारख्या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांची सवय लागू शकते. त्या शक्यतो थोडेच दिवस द्यायच्या असतात. घबराटीवरही देतात त्या एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन मात्र वेगळ्या, नैराश्यावरच्या गोळ्यांच्या गटातल्या. त्यांची तशी चटक लागत नाही, गुण यायला काही आठवडे जातात.

नैराश्यावरचं औषध घबराटीचे झटकेही थांबवतं, हे न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांच्या कामातून पुढे आलं. त्यांच्या हिलसाइड हॉस्पिटलात काही रुग्ण दिवसातून अनेकदा ‘मी मरतोय’ म्हणत नर्सकडे धावायचे. नैराश्यावरचं इमिप्रामिन सुरू केल्यावर काही आठवड्यांनी रुग्ण म्हणे, ‘काही फरक नाही.’ पण नर्सच्या लक्षात आलं, धावणं थांबलंय. १९६४ साली क्लाइन यांनी हे मांडलं. १९८० मध्ये पॅनिक डिसऑर्डरला, म्हणजे अचानक येणाऱ्या घबराटीच्या झटक्यांच्या आजाराला, मानसिक आजारांच्या अमेरिकी यादीत स्वतंत्र नाव मिळालं.

आणि हो, चालू गोळी एकदम तोडू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.