पॉलिसीवर एक आकडा आणि फोनवर दुसराच?

दुपारपासून डोकं फिरलंय. दाजींना इन्शुरन्सवाल्यांचा फोन आला, "काका, मार्केट रेट बघता गाडीचे साडेतीन लाखच बसतायत, व्हॉट्सॲपवर व्हाउचर टाकलंय, सही करून पाठवा, लगेच मिटवू." आणि आमचे दाजी, यार्डात हळदीच्या सौद्याला क्विंटलमागं पन्नास रुपयांसाठी तासभर अडून बसणारा माणूस, ह्यांना म्हणतोय "बघतो साहेब"! बघतो काय बघतो?

पेठ नाक्याजवळ ट्रकनं मागनं ठोकलं. ताई-दाजी वाचले, बाकी डिकी मागच्या सीटवर आलेली. पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे गाडीची विमा उतरवलेली किंमत, ४ लाख ८० हजार, वर्कशॉपचं एस्टिमेट ४ लाख १० हजार. दुरुस्ती आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेली की गाडी टोटल लॉस (दुरुस्त न करता पूर्ण आयडीव्ही द्यायची), म्हणजे ३ लाख ६० ला विषय संपला. आणि टोटल लॉसला पॉलिसीभर तीच आयडीव्ही बाजारभाव म्हणून धरायची, परत घसारा लावायचा नाही, हे गाडीच्या पॉलिसीच्या अटींतच सरळ लिहिलेलं असतंय. गाडीला तीन वर्षं झाली म्हणून नव्या गाडीच्या ८ लाखातले ४० टक्के पॉलिसी देतानाच कापलेत की ओ तुम्ही! आता कुठला मार्केट रेट? प्रीमियम घेताना हा रेट कुठं गेलेला?

त्याआधी तर सर्व्हेअरकडनं (कंपनीनं नुकसान मोजायला पाठवलेला माणूस) एस्टिमेटच खाली ओढायचा प्रयत्न झाला. हा पार्ट बदलायला नको, तो डेंटिंगमध्ये बसतोय. का, तर ७५ च्या आत आणलं की रिपेअर क्लेम, मग प्लास्टिक-रबरला निम्मे कापा, पत्र्याला २५ टक्के कापा, झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर उरलेलं दाजींच्या खिशातनं.

सर्व्हेअरवर तसा राग नाही माझा. बिचारा भर उन्हात गाडीखाली वाकून फोटो काढत होता, पाणी दिलं तर नको म्हणाला. फी कंपनी देती, तो तरी काय करणार.

आणि हो, खोटे क्लेम करणारे महाभाग आपल्यातच आहेत, प्रीमियम वाचवायला आयडीव्ही कमी लावून घेणारे पण. मान्य. पण दाजींनी पूर्ण आयडीव्हीवर पैसे भरलेत ना? मग दुसऱ्यांच्या भानगडीचा भुर्दंड त्यांनी का सोसायचा?

परत वर भंगाराचा खेळ. "गाडी तुम्हीच ठेवा, सॅल्व्हेजचे दीड लाख वजा करतो." कोण देतंय त्या सांगाड्याला दीड लाख? तुम्हाला एवढी किंमत वाटती तर तुम्हीच उचला आणि आयडीव्हीतनं आमच्या वाट्याचे नियमातले १००० वजा करून बाकीचे द्या. कर्जाचा बोजा हाय, आधी बँक तिचे घेणार, उरलं त्यात दाजी जुनी गाडी बघणार. ताई एसटीनं इस्लामपूरला जाती सध्या, तक्रार करत नाही, त्याचंच जास्त वाईट वाटतं.

तर "फुल अँड फायनल" लिहिलेल्या व्हाउचरवर सही करायची नाही, हे दाजींना बजावलंय. सर्व्हे रिपोर्टची कॉपी मागायची, कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्यायचं, महिन्यात नीट उत्तर नाही आलं तर पुण्याला विमा लोकपाल, फी नाही, वकील लागत नाही.

अर्ज आज रात्री मीच लिहितोय. कुणी लोकपालकडं टोटल लॉसची तक्रार केली असेल तर तिचा नमुना इनबॉक्स करा, आणि मिरजेत सॅल्व्हेज घेणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याचं लेखी कोटेशन पायजे, दीड लाखाला उत्तर द्यायचंय.