हात दाखवून अवलक्षण

लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा हात, हा गाडीचा असा अवयव आहे, की तो धड असेपर्यंत कोणी त्याची विचारपूस करत नाही आणि तुटला की चाक मडगार्डखाली तिरपं पडून बातमी देतं. त्या वेळी त्याचा धातू कोणता होता, हा प्रश्न जरा उशिराचा असतो. पण पोर्शे 944 ही जुनी जर्मन स्पोर्ट्स कार बाळगणारे दोघे भेटले, की तब्येतीची चौकशी संपायच्या आत हा विषय निघतोच: आर्म लोखंडी बरा की अ‍ॅल्युमिनियमचा? दोघांचंही एकमत होत नाही आणि दोघेही एकमेकांच्या गाडीत बसायला तयार नसतात.

ही दुफळी कारखान्यातूनच आली. सुरुवातीच्या 944 ला, म्हणजे 1982 पासूनच्या, पत्रा दाबून वेल्ड केलेले लोखंडी आर्म होते; घराणं फोक्सवागन गोल्फचं, थाट काहीच नाही. 1985 च्या मध्यावर गाडीला नवा, लंबगोल डॅशबोर्ड आला आणि त्याच दमात खाली अ‍ॅल्युमिनियमचे आर्म आले. म्हणून काही जण डॅशबोर्ड बघून खालचा आर्म ओळखतात. चाळीस वर्षांत गाडीखाली कोणी काय जोडलं असेल याचा भरवसा नसताना ही पद्धत म्हणजे चेहरा बघून रक्तगट सांगणं. खिशात लोहचुंबक ठेवा. काळा रंग कितीही जाड फासलेला असो, चिकटला तर लोखंड.

अ‍ॅल्युमिनियमवाल्यांचा हुकमाचा पत्ता म्हणजे वजन. घनता लोखंडाची साधारण 7.85, अ‍ॅल्युमिनियमची 2.7, ऐकणारा गार पडतो. त्यांनी न सांगितलेली गोष्ट अशी, की ताठपणाही त्याच प्रमाणात घसरतो, सुमारे 200 गिगापास्कलवरून 70 वर. मग तेवढाच ताठपणा हवा तर अ‍ॅल्युमिनियमचा आर्म अंगाने जाडजूड करावा लागतो आणि कागदावरची बचत बरीचशी तिथेच खर्ची पडते. शिवाय आर्मचं आतलं टोक गाडीला बांधलेलं असतं. चाकाबरोबर खालीवर होतं ते बाहेरचं टोक, त्यामुळे वाचलेल्या वजनातलं ढोबळमानाने निम्मंच स्प्रिंगखालच्या, म्हणजे चाकाबरोबर उसळणाऱ्या वजनाच्या, हिशेबात धरायचं. समजा आर्ममागे एक किलो वाचला. पदरात पडला अर्धा. तो अर्धा किलो मिरवणारे गृहस्थ त्याच गाडीला एक इंच मोठी आणि चांगली जड चाकं लावून हिंडतात, डिकीत जॅक, पाने आणि सुटे भाग भरून. त्यांना हिशेब दाखवू नये, मैत्री टिकत नाही.

लोखंडवाल्यांचा मुद्दा मला जास्त पटतो, पण तेही तो अर्धाच सांगतात. लोखंडाला ताण सोसायची एक मर्यादा असते, तिच्या खालचे धक्के ते कितीही खाऊ शकतं. अ‍ॅल्युमिनियमला अशी ठाम मर्यादा नाही. प्रत्येक खड्डा थोडाथोडा साचत जातो. फुटपाथच्या कडेला चाक जोरात आदळलं तर लोखंडी आर्म वाकतो, गाडी एका बाजूला ओढायला लागते, अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, जुळेनाशी होते, म्हणजे तक्रार रीतसर येते. अ‍ॅल्युमिनियम वाकण्याऐवजी तडकण्याकडे झुकतं, आणि केसाएवढी चीर धूळ-ग्रीसखाली दिसत नाही. आर्म घासूनपुसून, चीर दाखवणारा लाल रंग लावून बघितला तरच ती सापडते. वाकलेला लोखंडी आर्म हातोड्याने सरळ करून लावणारे बहाद्दर असतात. त्यांच्यामागून गाडी चालवू नये.

आता लोखंडाची दुसरी बाजू. ते गंजतं, आणि तेही आतून. दोन पत्र्यांच्या सांध्यात पाणी-माती बसते आणि वरून रंग शाबूत असताना आतलं काम चालू राहतं. जुना आर्म विकत घेताना सांध्यावर आणि बुशच्या (आर्म जिथे गाडीला जोडतो तिथल्या रबराच्या) नळीभोवती स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. टोक आत गेलं, तर तो आर्म नसून आर्मच्या आकाराचा रंग आहे.

एवढं सगळं रामायण झाल्यावर खरा गुन्हेगार बाजूलाच राहतो, तो म्हणजे बॉल जॉइंट, आर्मच्या बाहेरच्या टोकाचा गोळी-खोबणीचा सांधा, ज्याची पिन चाकाच्या बाजूला बसते. लोखंडी आर्मवर तो वेगळा भाग आहे. कारखान्यातून रिव्हेट मारून येतो; रिव्हेटची डोकी ड्रिलने उडवायची, छिन्नीने काढायची आणि नवा जॉइंट सोबत येणाऱ्या नट-बोल्टने कसायचा. अ‍ॅल्युमिनियमच्या आर्ममध्ये तोच जॉइंट आर्मच्या पोटात बसवून वरून सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी, लावलेली आहे. कारखान्याच्या मते जॉइंट गेला की पूर्ण आर्म बदलायचा. एवढ्याशा गोळीसाठी अख्खा हात टाकून द्यायचा, हा विचार बाकी जगाला पटला नाही आणि दुरुस्तीचे किट निघाले.

किट मागवण्याआधी पिनचा व्यास मोजा. 1985 च्या मध्यापासून 1986 पर्यंतच्या आर्मना 17 मिलिमीटरची पिन, 1987 पासून 19 ची. बारीक माप घेणारा व्हर्नियर नसेल तर आणा. डोळ्यांना दोन मिलिमीटरचा फरक अगदी पार्सल उघडल्यावरच दिसतो. मग रबरी बूट काढायचा, सर्क्लिप सोडवायची, पिन ओढायची. तिच्यामागून जुन्या प्लास्टिकच्या वाट्या भुग्याच्या रूपात बाहेर येतात, मध्ये गंजाचं पाणी मिसळलेलं तपकिरी ग्रीस. खोबण स्वच्छ पुसून बोट फिरवा. गुळगुळीत लागली तर पुढे जा. ओरखडे असतील, खोबण लांबट झाली असेल किंवा सर्क्लिपच्या खाचेची कड उडाली असेल, तर किट परत डब्यात आणि आर्म भंगारात. सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली की नाही, हे ती फिरवून बघायचं. ‘बसली असावी’ हे उत्तर इथे चालत नाही.

आणि हे जॉइंट मरतात कशामुळे? बहुतेक वेळा मालकाच्या सौंदर्यदृष्टीमुळे. गाडी खाली बसवली की आर्मचं आतलं टोक खाली येतं, बाहेरचं मात्र चाकामुळे होतं तिथेच राहतं. आर्म तिरपा होतो, पिन खोबणीत एका बाजूला कलते आणि मोठ्या खड्ड्यात तिची मान खोबणीच्या काठावर टेकते. त्यापुढे प्रत्येक धक्का पहारेने उचकटल्यासारखा पिनेच्या मानेवर किंवा आर्मच्या टोकावर जातो. बूट फाटून जॉइंट जाम झालेला असेल तर गाडी फार खाली नसतानाही हेच होतं. शेवटी दोघांपैकी एक तुटतं आणि नाव धातूचं खराब होतं.

तपासणी साधी आहे. गाडी स्टँडवर, चाक लोंबकळत, आर्म आणि नकलच्या (चाक धरून ठेवणाऱ्या भागाच्या) मध्ये पहार घालून वर-खाली रेटा. प्ले, म्हणजे सैलपणा, शून्य हवा. ‘किंचित आहे, चालेल’ म्हणणाऱ्याला पहिल्या फेरीला बाजूच्या सीटवर बसवा.

अ‍ॅल्युमिनियम काढून लोखंडी लावतो म्हणणाऱ्यांना मी थांबवतो. पिन आणि नकल जुळायला हवं, मागचं माउंटिंग आणि वळणावर गाडीचं झुकणं आवरणाऱ्या अँटी-रोल बारची जोडणी जुळायला हवी, आणि 1987 पासून चाकाचा ऑफसेटच (रिमच्या मध्यापासून चाक जिथे बसतं तिथपर्यंतचं अंतर) साधारण 23 मिलिमीटरवरून 52 वर गेला असल्यामुळे त्यापुढच्या गाडीला जुना आर्म म्हणजे दुसऱ्याच गाडीची भूमिती. आर्मपासून निघालेली यादी चाकांपर्यंत पोचते आणि घरात बोलाचाली सुरू होते. रोज चालवायची गाडी लोखंडी आर्मची असेल तर खुशाल तशीच ठेवा, नवे जॉइंट, नवे बुश, आतून मेणाचा फवारा. अ‍ॅल्युमिनियमची असेल तर आर्म तपासून किट घाला आणि गाडीची उंची कारखान्याने दिली तेवढी राहू द्या. उंची कमी करायचीच असेल, तर त्या कोनासाठी बनवलेली लांब पिन किंवा वेगळा आर्म घ्या. आहे त्यालाच ‘होईल सवय’ म्हणू नका.

बसवताना नेहमीची भांडणं. नकलमधला, पिन आवळून धरणारा पिंच बोल्ट पूर्ण बाहेर काढावा लागतो, नुसता सैल करून भागत नाही, कारण तो पिनेच्या खाचेतून जातो. रात्रभर गंज सोडवणारं तेल मुरू द्या. बोल्ट सुटावा म्हणून बत्ती लावायचा मोह अ‍ॅल्युमिनियमच्या जवळ आवरा, दोनशे अंशांच्या पुढे त्याची कमावलेली ताकद उतरायला लागते आणि उतरलेली दिसत नाही. लोखंडी बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये जातो तिथे बोल्ट जाम होऊ न देणारं अँटी-सीझ हलकंच लावा, नाहीतर पुढच्या खेपेला तो जन्मठेपेवर असेल. दोन्ही बाजू एकदमच करा. बुशचे बोल्ट चाकं लोंबकळत असताना नुसते हाताने लावायचे आणि गाडीचं वजन चाकांवर आल्यावर मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे पिळाच्या मापाला, कसायचे. हवेत कसले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. कसताना गाडीखाली जागा नसते, टॉर्क रेंचचा दांडा जमिनीला लागतो आणि ‘क्लिक’ नेमका ऐकू येत नाही. म्हणून चाकांखाली रॅम्प किंवा भक्कम ठोकळे घेऊन हे उरकायचं, मग अलाइनमेंट, आणि शे-दोनशे किलोमीटर झाल्यावर तोच रेंच घेऊन परत एकदा खाली.